वन्संच्या काळजातलं वादळ

सोमवार, ३ मार्च

भिंगरी,

तर सगळ्यांत आधी आली ती शिडी. माणूस मागाहून दिसला. मी खिडकीत लोकरीचा गुंता सोडवत बसले होते, तर कुंपणाच्या वरून नुसती शिडी चालत येताना दिसली. वन्सं म्हणाल्या, "वहिनी, चोर आले. हल्ली शिडीही घरूनच घेऊन येतात." त्या शिडीखाली एक बारकेला माणूस, त्याच्या मागे तारांचं भेंडोळं खांद्यावर घेतलेली बाई, आणि सगळ्यांत शेवटी रिकाम्या हाताने टोपीवाले साहेब. हात रिकामे म्हणजे साहेब, हे वेगळं सांगायला नको.

तुझ्या आत्याआजीचा स्वभाव तू ओळखतेसच. जन्मभर धक्क्यावर बोटीची तिकिटं तपासली, त्यामुळे समोरचा बिनतिकिटाचाच आहे असं धरून त्या बोलायला लागतात. कोण, कुठले, कशाला, कुणाला विचारून आलात. साहेबांनी टोपी काढली आणि म्हणाले, "आम्ही उपग्रहाचं काम करतो, आजी. इथल्या दवाखान्याची लाइन आभाळातून शहराला जोडायची आहे. दोन-तीन महिने चालवून बघू, जमलं तर कायमची ठेवू. दक्षिणेचं आभाळ मोकळं दिसेल अशी या बेटावर तुमचीच गच्ची आहे. एक तबकडी बसवू का?"

मी म्हटलं, बसवा की, पण आधी चहा घ्या. वन्संनी मला असा चिमटा काढला की अजून निळं आहे.

आता मुद्द्याचं. आपल्या जिन्याची तिसरी पायरी हलते. नवा माणूस तिच्यावर पाय देतो, डगमगतो आणि भिंत धरतो. हा शिडीवाला खांद्यावर शिडी, नजर वर, आणि तिसरी पायरी सरळ ओलांडून गेला. त्याच्यामागून तारांची बाईही तशीच गेली. साहेब तेवढे डगमगले आणि त्यांनी भिंत धरली. मी मनात म्हटलं, इथे कुठेतरी पाणी मुरतंय.

तबकडी म्हणजे उलटी छत्री समज. ती आभाळात अशा जागी रोखली आहे जिथे काहीच नाही. मी मान दुखेपर्यंत बघितलं. शिडीवाला म्हणाला, "आहे हो आजी, पण दिसत नाही." देवाबद्दलही लोक हेच सांगतात, पण ते निदान माझ्या गच्चीला भोकं पाडत नाहीत. गच्चीवरून खाली दवाखान्यापर्यंत तर तारही नाही, नुसती एक काठी आपल्याकडे आणि दुसरी नर्सबाईंच्या छपरावर, आणि दोघी हवेतल्या हवेत कुजबुजतात.

गच्ची आपली म्हणून पहिला मान आपल्या घराला. वन्संना मधून मधून धडधडतं, हेही त्या साहेबांना कुणी सांगितलं कोण जाणे, पण माहीत होतं. नर्सबाईंनी पडद्यामागे त्यांना निजवून छातीला तारा चिकटवल्या. यंत्र म्हणजे एक बंद डबा, त्याच्यातून कागद वगैरे काही निघत नाही. कागद निघतो तिकडे शहरात, हृदयाच्या डॉक्टरांपुढे. मग नर्सबाई त्यांच्याशी फोनवर बोलल्या. "ऐकू येतंय का?" पलीकडे गप्प. यांनी परत "ऐकू" म्हणायला आणि त्यांनी "येतंय" म्हणायला एकच गाठ पडली, मग दोघेही गप्प, मग दोघेही एकदम. मला फार हसू आलं. पण एक सांगते, तो डॉक्टर प्रत्येक उत्तराआधी जरासा थबकतो. विचारल्यावर थबकणारा माणूस काहीतरी गाळून सांगतो. तुझे आजोबा थबकायचे.

खरं सांगू का, मी मजेत आहे. इतकं संशय घेण्यासारखं या बेटावर फार दिवसांत काही झालं नव्हतं. तू असल्याच कामात आहेस ना? मग ही माणसं खरी की खोटी ते कळव. नर्सबाईंच्या फोनवर नको, पत्राने कळव. तिथे बोललेलं आभाळातून जातं, आणि वाटेत कोण कान लावून बसलंय ते आपल्याला दिसत नाही.

तुझी, चिमट्याने निळी झालेली,
आजी


रविवार, ९ मार्च

आजी,

तुझं पत्र ऑफिसात उघडलं आणि हसू दाबता दाबता ठसका लागला. शेजारच्याने पाणी आणून दिलं.

काळजी करू नकोस. माणसं खरी असावीत. असे प्रयोग सध्या बऱ्याच ठिकाणी चालू आहेत. त्यांना चहा दिलास ते बरं केलंस. आत्याआजीला म्हणावं, चिमटे जरा जपून.

डॉक्टर थबकतात त्याचं कारण सोपं आहे. तो उपग्रह इतका उंच आहे की आवाजाला वर जाऊन खाली यायलाच पाव सेकंद लागतो, आणि उत्तराला परत तेवढाच. ते थबकत नाहीत, आभाळ थबकतं. एकाने बोलून झालं की दुसऱ्याने मनात एक आवंढा गिळायचा आणि मग तोंड उघडायचं, इतकंच नर्सबाईंना सांग. आजोबांचं मला माहीत नाही, त्यांच्या आणि तुझ्यामध्ये उपग्रह नव्हता.

तबकडीच्या खांबाला कपड्यांची दोरी बांधू नकोस. तू बांधशील म्हणून आधीच लिहिते.

आत्याआजीच्या कागदावर डॉक्टर काय म्हणाले ते मात्र लगेच कळव, कागद बघायला मिळाला तर त्यावर काय दिसतं तेही.

तुझी,
भिंगरी


सोमवार, १७ मार्च

भिंगरी,

दोरी बांधली होती, सोडली.

तू "असावीत" असं लिहिलंस. ज्याला ठाऊक असतं तो "आहेत" लिहितो, ज्याला ठाऊक नसतं तो "कोण जाणे" लिहितो. "असावीत" लिहिणारी पोर काहीतरी पदराखाली झाकते. आणि पायरीबद्दल तू अवाक्षर काढलं नाहीस. असो. मी इथे बसून आहे, कुठे जात नाही.

आता वाईट बातमी. डॉक्टरांनी वन्संना दुसऱ्यांदा तारा लावायला सांगितल्या होत्या. त्याचा कागद पहिल्या कागदासकट टपालाने आला, बरोबर चिठ्ठी. लिहिलंय की मधेच ठोक्यांचा पार गोंधळ उडतो, हे धोक्याचं आहे, नऊ एप्रिलला शहरात आणून दाखल करा, छातीत एक यंत्र बसवावं लागेल. नर्सबाईंनी वाचून दाखवलं तेव्हा वन्सं म्हणाल्या, "बरं." नुसतं "बरं." ज्या बाईने सुट्ट्या पैशांवरून आमदाराला बोटीतून उतरवलं होतं, ती "बरं" म्हणाली.

घरी येऊन त्यांनी थंडीचा चांगला कोट टपालवाल्याच्या बायकोला देऊन टाकला. दुसऱ्या दिवशी गारठा पडला, तेव्हा रस्त्यात तिच्याकडे असं बघितलं की बिचारीने आपण होऊन आणून दिला. इथपर्यंत मी हसले. पण परवा दारात एक अनोळखी माणूस आला, पत्ता विचारायला, आणि वन्संनी त्याला "कोण" असंसुद्धा विचारलं नाही. नुसतं बोट दाखवलं.

म्हणून मी तो कागद घेऊन खिडकीशी बसले. लाल चौकोनांचा कागद आहे, मोठ्या चौकोनात बारीक चौकोन. त्याच्यावर वन्संची रेघ. डोंगर, सपाट, डोंगर, सपाट, आणि मधेच एक झाडोरा, मांजराने लोकर विस्कटावी तसा. मग परत डोंगर, सपाट, जसं काही झालंच नाही. आता मी विणणारी बाई. डोळा आपोआप नक्षी मोजायला लागतो. पोरी, सगळे झाडोरे एकाच मापाचे आहेत. एका मोठ्या चौकोनाएवढे. कुठे चौकोनाच्या कडेला सुरू होतात, कुठे मधूनच, पण रुंदी तीच, ना टाका जास्त ना टाका कमी. दुखणं असं मापात शिवून येतं का? माझा गुडघा आजवर कधी ठरवून दुखला नाही.

मला विचारशील तर हे कुणीतरी पट्टी धरून काढलंय. आणि कुणी ते मी सांगते. टोपीवाल्या साहेबांनी. घरोघर एकेकाला घाबरवायचं, मग सगळं बेट पाया पडत जाईल की बाबा तबकडी कायमची ठेवा. परवा ते सहज म्हणून डोकावले होते. मी विचारलं, "हे यंत्र कधी चुकतं का?" तर घड्याळाकडे बघत म्हणाले, "छे छे." आमच्या दोघांमध्ये एक टेबल होतं, उपग्रह नव्हता, तरी थबकले.

आणि त्यातच हवामानवाल्यांचं. टेकडीवरच्या वाऱ्याच्या चक्राचे आकडे आता त्याच तबकडीतून जातात. वन्संना दुसऱ्यांदा तारा लावल्या त्याच दिवशी वादळाचा इशारा आला. सगळ्यांनी बोटी वर ओढल्या, दारं-खिडक्या ठोकून घेतल्या, आणि माझ्या दोरीवरचा रुमालसुद्धा हलला नाही. मच्छीमार अजून शिव्या देतायत. एकूण काय, आभाळातून जे येतंय ते खोटंच येतंय.

जरा थांब, शेगडीवर काहीतरी करपतंय.

मी आत्याआजी. वहिनी उठली आहे तोवर चार ओळी लिहिते. तिला माझी उजेडाची खोली विणकामाला हवी आहे हे मी वर्षानुवर्षं ओळखून आहे, आणि मी नऊ तारखेला गेले की तिची खुर्ची तिथे हलणार. पण हीच बाई दिवसातून चार वेळा काहीबाही निमित्त काढून माझ्या दाराशी येते आणि माझा श्वास ऐकून जाते. त्यामुळे हिच्याबद्दल काय समजावं ते कळेनासं झालंय. तू शिकलेली आहेस. खरं सांग, मी जाऊ का? मला ते छातीतलं यंत्र नको आहे. आणि हे वहिनीला कळवू नकोस. ती आली.

मी वाचलं सगळं. कळवू नकोस म्हणे. करपलेलं मीच खाणार आहे.

आजी


शुक्रवार, २१ मार्च

आजी,

घाईत लिहिते. आत्याआजीचे सगळे कागद पाकिटात घालून मला लगेच पाठव. दुमडू नकोस, पुठ्ठ्यात घाल. वादळाचा इशारा नक्की केव्हा आला होता ते हवामानवाल्यांकडून लिहून घे. आणि मी सांगेपर्यंत आत्याआजीने कुठल्याही बोटीत पाय ठेवायचा नाही.

दुसरं. पायरीचं मीच सांगितलं होतं. टोपीवाले म्हणजे माझे साहेब. बेटावर तबकडीसाठी जागा शोधत होते, मी आपल्या घराचा नकाशा काढून दिला, तिसऱ्या पायरीवर फुली मारली आणि आत्याआजीच्या धडधडीचंही बोलून गेले. साहेबांनी नकाशा बघितला नसणार, ते बघत नाहीत. घरच्या माणसाचं घर निवडलं असं कुणी म्हणायला नको, म्हणून गप्प राहिले. तुझ्यापासून लपवायचं नव्हतं, पण तू एकदा ओळखलंस की ते धक्क्यापर्यंत जातं.

कुणी पट्टी धरून काढलेलं नाही. पण तू म्हणतेस तसं मापात असेल तर ते आत्याआजीचंही नाही.

भिंगरी


शुक्रवार, २८ मार्च

भिंगरी,

धक्क्यापर्यंत जातं म्हणे. जातं ते वन्संच्या तोंडून. मी फक्त त्यांना सांगते.

रागावले होते. टपालवाला समोर होता म्हणून त्याच्यावर रागावून घेतलं, आता संपला राग. त्या नकाशात माझी खोली केवढी काढलीस तेवढं सांग.

तुझं पत्र यायच्या आधीच आम्ही दोघींनी एक उद्योग करून ठेवला. आधी हसून घे, मग रागाव. नर्सबाईंनी वन्संना तिसऱ्यांदा बोलावलं. पडद्यामागे निजवून तारा चिकटवल्या आणि बाहेर फोनपाशी गेल्या, कारण बटण तिथे आहे आणि डॉक्टरांशी तो आवंढ्यांचा खेळ खेळायचा असतो. मी पडद्याच्या आत वन्संचा हात धरून. मी हळूच म्हटलं, "वन्सं, उठा." त्या म्हणाल्या, "कशाला?" म्हटलं, "तुमच्या जागी मी निजते. माझं काळीज घोड्यासारखं आहे. माझ्याही कागदावर झाडोरा आला तर कागद खोटा, आणि नाही आला तर..." त्या म्हणाल्या, "तर मी खरी." मी म्हटलं, "उठा तर."

तारा काढायला त्या तरबेज निघाल्या. चर्र, चर्र, चर्र, जन्मभर तिकिटं फाडल्याचा हात. जिथली तार तिथेच लावली, रंग बघून. मी निजले. बाहेरून नर्सबाई म्हणाल्या, "हलू नका हं आत्या." मी म्हटलं, "हं." वन्सं कोपऱ्यात तोंडात पदर कोंबून उभ्या. इतक्या दिवसांनी त्यांचे डोळे हसताना बघितले.

आणि काय सांगू, माझ्याही कागदावर झाडोरा. तेच माप. डॉक्टरांचा निरोप फोनवर लगेच आला की रोग्याची अवस्था जैसे थे, नऊ तारीख चुकवू नका. वन्सं घरी येईपर्यंत दम धरून होत्या, मग उंबऱ्यात बसून इतक्या हसल्या की मीच घाबरले. आता परत दारात येणाऱ्याला "कोण" विचारतात. नर्सबाईंना आम्ही काही बोललो नाही. नऊ तारीख मात्र अजून तशीच उभी आहे, आणि पडद्यामागे कोण निजलं होतं ते सांगायचं कुणाला हा प्रश्न. तूच सांग.

तिन्ही कागद पुठ्ठ्यात घातलेत. तिसरा माझा. चिठ्ठ्याही घातल्यात. इशारा आला ती वेळ हवामानाच्या कारकुनाने लिहून दिली, पण देताना दहादा विचारलं की तक्रार करणार नाही ना.

आजी


शुक्रवार, ४ एप्रिल

आजी,

आधी हे वाच, बाकी मग: नऊ तारीख रद्द. मी स्वतः हृदयाच्या डॉक्टरांकडे जाऊन बसले, सगळे कागद त्यांच्या टेबलावर पसरले, तिसरा कुणाचा तेही सांगितलं. त्यांनी पट्टी घेऊन एकेक झाडोरा मोजला. मग त्यांनी माझ्यासमोर ती नोंद खोडली. आत्याआजीला म्हणावं, छातीत काही बसवायचं नाही.

आता काय झालं ते. आवाज असो, वारा असो की काळजाचे ठोके, आम्ही सगळ्यांचे एकसारखे बारीक तुकडे करतो. त्याला सेल म्हणतात, तुझ्या टॉर्चमधला नव्हे. प्रत्येक तुकडा एका पाकिटात, पाकिटावर पत्ता, आणि सगळी पाकिटं एकाच रस्त्याने आभाळात. पलीकडे पत्ते वाचून ज्याचं त्याला वाटलं जातं. एका पाकिटात आत्याआजीच्या ठोक्यांचा जेवढा तुकडा मावतो, तो त्या लाल कागदावर बरोबर एका मोठ्या चौकोनाएवढा येतो. तू मोजलंस ते आमच्या पाकिटाचं माप होतं.

ही पद्धत मुळात जमिनीखालच्या काचेच्या तारांसाठी केलेली. तिथे वाटेत बिघडलंच तर पत्त्यातलं एखादं अक्षर पुसतं. म्हणून पलीकडच्या यंत्राला शिकवलेलं असतं की एक अक्षर चुकलं तर अंदाजाने दुरुस्त कर आणि पुढे पाठव. पण आभाळातून येताना डाग एका अक्षराचा पडत नाही, पसरून पडतो. दोन-तीन अक्षरं एकदम जातात. यंत्र समजतं एकच गेलंय, मोठ्या आत्मविश्वासाने दुरुस्त करतं, आणि पत्ता होतो भलत्याचाच. आपला टपालवाला पावसात भिजलेली पत्रं अंदाजाने वाटायचा आणि डाकबंगल्याच्या माळ्याला कुणाच्या तरी लग्नाची बोलणी कळायची, तसं. म्हणजे ते झाडोरे काळजातले नव्हतेच. कुणाचं तरी फोनवरचं बोलणं चुकून तुमच्या पाकिटांत येऊन बसलं होतं, आणि डॉक्टर ते ठोके समजून वाचत होते.

आणि आत्याआजीचे स्वतःचे हरवलेले तुकडे कुठे गेले? एकाचा पत्ता मला लागला. हवामानाच्या कारकुनाची वेळ आणि तिच्या कागदाची वेळ मी शेजारी शेजारी ठेवली. तिच्या काळजाचा एक ठोका वाऱ्याच्या आकड्यांत जाऊन पडला होता. त्या दिवशी सगळ्या बेटाने बोटी ओढल्या त्या आत्याआजीच्या एका ठोक्यामुळे.

मी हे साहेबांना दाखवलं तेव्हा ते म्हणाले, महिनाअखेरीला मोठी मंडळी प्रयोग बघायला येणार आहेत, त्यानंतर बघू. मी विचारलं, नऊ तारीखही त्यानंतर ठेवू का. त्यावर घड्याळाकडे बघितलं. म्हणून मी डॉक्टरांकडे गेले. साहेब आता माझ्याशी बोलत नाहीत, पण बेटाच्या बोटीची तिकिटं त्यांनीच काढली, हे मी तिकीटखिडकीवर विचारून घेतलंय. ते, शिडीवाला आणि तारांची बाई येत्या आठवड्यात येतील. अंदाज करणं बंद करतील. पत्ता पुसला असेल तर पाकीट फेकून द्यायचं आणि तिथली जागा कोरी सोडायची. भलत्या घरी जाण्यापेक्षा हरवलेलं बरं. शिवाय अक्षरं एकमेकांत पिसून पाठवतील आणि पलीकडे परत जागेवर लावतील, म्हणजे डाग पडला तरी एकाच पत्त्यावर सगळा पडणार नाही. मग तुम्हा दोघींच्या तारा परत लावतील, या वेळी आपापल्या नावाने.

एक विचारायचं राहिलं. तिसऱ्या कागदाबरोबरच्या चिठ्ठीची खालची कड कात्रीने कापलेली का आहे? डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, "आजींनाच विचारा." मला हे अजिबात आवडलेलं नाही.

भिंगरी


सोमवार, १४ एप्रिल

भिंगरी,

या वेळी आधी आले ते साहेब, शिडी मागाहून. वन्संनी दारातच अडवून विचारलं, "महिनाअखेरीला मोठी मंडळी येणार आहेत, तर आज कसे काय?" साहेब लाल झाले आणि म्हणाले, "तुमची नात फार हट्टी आहे." वन्सं म्हणाल्या, "आमच्यावर गेली आहे." आमच्यावर म्हणे. तुझ्या जन्मात त्यांनी तुझ्याबद्दल हे पहिलं गोड वाक्य काढलं, म्हणून लिहून ठेवते.

दिवसभर गच्चीवर खटाटोप चालला. तारांच्या बाईने मला मांडीवरच्या डब्याची काच दाखवली आणि समजावून सांगितलं, मला निम्मं कळलं, पण चांगली आहे पोरगी, तुझी चौकशी करत होती. मग आम्ही सगळे दवाखान्यात. नर्सबाईंना पडद्यामागची गंमत तोवर कळली होती. माझ्याशी बोलल्या नाहीत, पण तारा चिकटवताना हात हलका होता. आधी वन्सं, मग मी. या वेळी साहेब स्वतः पडद्याबाहेर खुर्ची टाकून पहारा देत बसले, आम्हा दोघींवर त्यांचा भरवसा नाही.

कागद टपालाने परवाच आले. वन्संचा कागद म्हणजे डोंगर, सपाट, डोंगर, सपाट, मधे दोन ठिकाणी कोरी जागा आणि पुढे परत डोंगर. झाडोरा औषधाला नाही. डॉक्टरांनी लिहिलंय, वयाच्या मानाने उत्तम. वन्संचं तोंड उतरलं म्हटलं तर विश्वास बसेल का तुझा? एवढं वादळ होऊन बसल्यावर नुसतं "उत्तम" म्हणजे काय. तुझं पत्र मी त्यांना तीनदा वाचून दाखवलं, ती बोटींची ओळ दोनदा जास्त. आता धक्क्यावर कुणी वाऱ्याबद्दल बोललं की या मान वर करतात.

तर ती कात्री. तुमच्या यंत्राला जसं आता कोरी जागा सोडायला शिकवलंत, तशी मीही एक सोडली होती, एवढंच. वन्संची नऊ तारीख डोक्यावर, आणि त्यात तुला आणखी एक काळजी कशाला. त्या कापलेल्या कडेवर डॉक्टरांनी लिहिलं होतं की झाडोऱ्यांखेरीज या कागदावर आणखी एक दिसतंय, मधूनच एखादा ठोका गळतो, आधीच्या दोन कागदांवर हे नव्हतं. त्यांना वाटलं वन्संचं दुखणं वाढलं. मला तेव्हाच कळलं की पहिले दोन कागद वन्संचे, तिसरा माझा, म्हणजे ठोके गळतायत ते माझेच.

म्हणून या वेळी मी माझा कागद आधी खिडकीशी नेला. ठोके गळतायत, खरंच. झाडोरा नाही, कोरी जागाही नाही. डोंगर यायच्या जागी नुसतं सपाट, मग दमून आल्यासारखा एक मोठा डोंगर. मी माप घेतलं. कुठे साडेसहा चौकोन, कुठे पावणेसात, कुठे सातला कमी. एकही दुसऱ्यासारखा नाही. इतके दिवस मी त्या कागदांवर संशय घेत होते, यावर घेता येईना. हा माझाच आहे. घोड्यासारखं काळीज म्हणत होते, तर घोडा मधेच चरायला थांबतो म्हणायचा.

घाबरू नकोस. नर्सबाई म्हणतात बहुतेक गोळ्यांवर भागेल. डॉक्टर त्याच दिवशी फोनवर म्हणाले, या बाईंच्या बाबतीत मी यंत्रावरून बोलणार नाही, स्वतःच्या कानाने ऐकेन. माझ्याबद्दल असं का म्हणाले, ते तूच विचार. वन्संनी चिठ्ठी स्वतः वाचली. काल माझी खुर्ची आणि लोकरीची टोपली उचलून त्यांच्या खोलीत नेऊन ठेवली, खिडकीशी, उजेडात. म्हटलं, "हे काय वन्सं?" म्हणाल्या, "काही नाही. इथून तुझ्यावर नजर ठेवता येते." आणि जिना चढायला लागले की खालून आवाज येतो, "कुठे निघालीस? तिकीट दाखव." मला यात काहीतरी काळंबेरं वाटतंय. इतकी वर्षं खोली अडवून बसलेली बाई उगाच खिडकी सोडत नाही. सध्या बसून विणते आहे, बघू.

तुला ये असं मी म्हणत नाही. पण तारांच्या बाईने निघताना सांगितलं की हे सगळे परत येणार आहेत, डॉक्टरांना बरोबर घेऊन, आणि बोटीत एक जागा तुझ्या नावाने ठेवली आहे. साहेबांनी ते ऐकलं आणि या वेळी घड्याळ बघितलं नाही. शुक्रवारी येतो म्हणालेत, अठरा तारखेला, सकाळच्या बोटीने.

आजी